सात बाय त्रेपन्न

रेगेन्सबर्ग, ८ जानेवारी २०२५

ती. शोभनाताई,

नमस्कार गृहीत धर. व्हॉट्सअ‍ॅपवर मी नुसते अंगठे दाखवून सुटतो ही तुझी जुनी तक्रार, म्हणून हे कागदावर. शिवाय या वेळचं अंगठ्यात मावणारं नाही.

सहा वर्षं मी एक काडतूस बनवतो आहे. शिकारीच्या रायफलीचं. ते पूर्ण झालंय, चांगलं झालंय, आणि आता त्याची वाट लावायचं काम जोरात चालू आहे.

आमची कंपनी तुला माहीत आहे. शहरातल्या मोठ्या मोटारींच्या कारखान्यात ज्यांना घेतलं नाही ते इथे येतात असं माझे तिथले मित्र म्हणतात. दारावर 'ब्रुनहुबर आणि मुलगा' अशी पाटी आहे. त्यातला मुलगा आता एकसष्ट वर्षांचा आहे आणि माझा शेफ, म्हणजे वरचा साहेब, आहे.

काडतुसाचं नाव सात बाय त्रेपन्न. म्हणजे गोळी सात मिलिमीटर जाडीची, पितळी पुंगळी त्रेपन्न मिलिमीटर लांब. ते मॅग्नम नाही. त्या 'नाही'साठीच सहा वर्षं गेली. मॅग्नम म्हणजे मोठी पुंगळी, जास्त दारू, जास्त वेग आणि चाप ओढल्यावर खांद्यावर गाढवाची लाथ. माझ्या काडतुसात हे सगळं मुद्दाम टाळलंय.

तर विक्री विभागाच्या फ्राऊ लेखनर म्हणतात, दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो 'मॅग्नम आहे का?' आणि 'नाही' म्हटलं की पुढचं ऐकत नाही. म्हणून शेफच्या डोक्यात आलंय की नावाच्या शेवटी मॅग्नम लावू. मला म्हणाला, "एका शब्दानं काय बिघडतं, हेर घैसास?" बिघडतं असं की मॅग्नम म्हटलं की खोक्यावर तसा वेगाचा आकडा लागतो. आकड्यासाठी आठ टक्के दारू वाढवायची. दारू वाढवली की धक्का वाढला. मग उरलं काय? दुसऱ्या कुणाचंही काडतूस, फक्त आमच्या खोक्यात.

वीस फेब्रुवारीला त्याची बैठक आहे. त्याआधी मी दोन पानी लेखी म्हणणं द्यायचं. एप्रिलअखेर नाव आणि मापं नोंदणीला जातात, मग काही बदलत नाही. नोंदणीच्या कागदावर बनवणारा म्हणून सही माझी.

माझं जर्मन म्हणजे तक्ते, आणि दोन तक्त्यांच्या मध्ये एखादं क्रियापद. तू तर जर्मनांचं जर्मन सुधारून पोट भरतेस. मदत कर. घरी नीलिमा म्हणते सही करून मोकळा हो. दियाला विचारलं तर 'एगाल, पापा' म्हणाली, म्हणजे तिला काहीही चालेल.

तुझा,
प्रसन्न


वाल्डॉर्फ, १४ जानेवारी

चि. प्रसन्न,

बारशाला हे नाव आमच्या आईनं तुझ्या कानात सांगितलं. आत्या म्हणून तिचा तो हक्क होता. पण तू तेव्हा झोपला असणार, कारण त्यातलं काही आत पोचलेलं दिसत नाही.

पत्र मिळालं. शशिकांतनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे तो खरोखर गोळ्या बनवतो?" बावीस वर्षं तुझ्याकडे नाताळला येऊन जेवणारा माणूस. पुण्यात राजाभाऊकाका तर अजून समजतात की तू प्रिंटरच्या कार्ट्रिज बनवतोस. दिवाळीत फोनवर मला म्हणाले, प्रसन्नाला सांग, काळी फार लवकर संपते. मी सांगते म्हटलं. आता सांगितलं. त्यांचा दोष नाही म्हणा. या देशातही दोन्हीला पात्रोनेच म्हणतात. तुझी दिया पेनात घालते ती पात्रोने, आणि तिचा बाप डुकरावर सोडतो तीही पात्रोने.

आता तुझा मॅग्नम. हा शब्द आपल्या महत्-चा दूरचा भाऊ, लॅटिन घरात वाढलेला. पण आपल्याकडे 'महा' लावताना जरा जपून लावतात, हे ब्रुनहुबरना कुणी सांगितलं नसावं. वैद्य बरा, महावैद्य म्हणजे रोगी मारणारा. यात्रा चांगली, महायात्रा तिरडीवरून. झोप हवी, महानिद्रा नको. मांसाचं तर विचारूच नकोस, महामांस म्हणजे माणसाचं. काही शब्दांना मोठं केलं की ते वाईट होतात. तुझं काडतूस त्यांतलं असेल तर माझी हरकत नाही, पण ते तू मला पटवायला हवंस.

कारण असं, की मला ते पटलेलं नाही. मी शाकाहारी बाई. मला बंदुकीचं पुढचं टोक आणि मागचं टोक सारखंच नको आहे. मोठी गोळी काय, लहान काय, हरणाला काय फरक? तेव्हा तक्ते पाठवू नकोस. माझ्याशी बोलतोस तसं लिही. मला कळलं तर जर्मनमध्ये घालीन.

सहा वर्षांत एकदाही तू हे काडतूस का बनवतोयस ते बोलला नाहीस, हेही नोंदवून ठेवते.

शोभनाताई


रेगेन्सबर्ग, १९ जानेवारी

ती. ताई,

हरणाला फरक असतो. सगळा फरक हरणालाच असतो.

ऐक. सहा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. आमच्याकडे काडतुसं तपासायला एक वनाधिकारी बाई येते, फ्राऊ आशेनब्रेनर. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. कुणी शिकाऱ्यानं जनावर जखमी करून सोडलं की तिला फोन जातो, आणि ती कुत्रा घेऊन रक्ताच्या मागावर निघते. नाखझूखे म्हणतात त्याला, मागाहून शोध. मला म्हणाली, "तुम्ही खोलीत बसून गोळ्या करता, एकदा चला." गेलो.

म्युनिकचा एक दंतवैद्य. महागडी रायफल, त्यात मॅग्नम. हरीण ऐंशी मीटरवर उभं. ऐंशी मीटर म्हणजे तुमच्या घरापासून कोपऱ्यावरची बेकरी. याची गोळी लागली जबड्याला. आम्ही पावणेपाच तास चाललो, ताई. चिखल, काटे, मध्ये एक ओढा. कुत्रा थांबला की बाई वाकून पान उलटायची, त्यावर हाडाचा कपचा. ते खात नव्हतं, पीत नव्हतं, नुसतं पुढे पुढे जात होतं. संपलं तेव्हा तिनं एक डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवली. इथले शिकारी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. जबडा नव्हताच, तर ती डहाळी राहीना. तिनं हातानं धरून ठेवली थोडा वेळ.

परत आल्यावर दंतवैद्य काय म्हणाला असेल? "पुढच्या वेळी याहून मोठं कॅलिबर घेतो."

त्याचं काय चुकलं ते बाईनं मला सांगितलं. तो दचकला. मोठी बंदूक एकदा खांद्याला लागली की खांदा लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी बोट चाप ओढायच्या आधी खांदा आक्रसतो, डोळा मिटतो, नळी हलते. केसभर. ऐंशी मीटरवर केसभर म्हणजे काळजाऐवजी जबडा. मोठं काडतूस मोठ्या चुकीची सोय करतं, बस.

दुसऱ्या दिवसापासून मी सुरुवात केली. लांब, निमुळती गोळी. ती हवा नीट कापते, म्हणून सुरुवातीचा वेग कमी असला तरी तो टिकवते. त्यामुळे दारू कमी. धक्का मॅग्नमपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी. नळी आखूड चालते, म्हणून झाडीत अडकत नाही. साध्या रायफलीत बसते, नवी घ्यायला नको. मांस कमी नासतं, कारण फार वेगानं गेलेली गोळी आजूबाजूचं सगळं काळंनिळं करते. शिसं नाही, सगळं तांबं. तांब्याची गोळी कमी वेगाला लागल्यावर उमलत नाही, म्हणजे टोकाला फुलून रुंद होत नाही, अशी सर्वांची ओरड असते, म्हणून तिच्या टोकाची पोकळी मी एकोणीस वेळा बदलली. विसाव्यांदा उमलली. अडीचशे मीटरपर्यंत ती मॅग्नमचं काम करते, आणि इथल्या जंगलात अडीचशे मीटर कुणाला दिसतच नाही.

एवढंच आहे तिचं. ती मारते तेवढीच, पण माणसाला घाबरवत नाही. हे कुणालाच कसं कळत नाही?

बोललो नाही कारण घरी जेवताना बोलण्यासारखं नाही.

प्रसन्न


वाल्डॉर्फ, २७ जानेवारी

चि. प्रसन्न,

शिकार मला अजून नको आहे. पण होणारच असेल तर तुझ्या काडतुसानं व्हावी, इथवर आले आहे. माझ्याकडून हे फार झालं.

तुझं म्हणणं दोन पानांत घातलं, सोबत आहे. रचनेबद्दल सांगते, कारण तू विचारशील. आपल्या शास्त्रात वाद घालायचा तर आधी पूर्वपक्ष मांडायचा. म्हणजे समोरच्याचं म्हणणं, त्याचं त्याला जमलं नसतं इतकं चांगलं. मग सिद्धान्त, म्हणजे आपलं. समोरचा आपलीच बाजू इतकी सजलेली बघून बेसावध होतो, आणि मग त्याला उठता येत नाही. अडीच हजार वर्षं चालत आलेली पद्धत आहे. मी ती कॉलेजात चार वर्षं शिकले आणि संसारात रोज वापरते. शशिकांतना विचार.

तेव्हा पहिलं पान हेर ब्रुनहुबरचं: मॅग्नम हे नाव का हवं, दुकानदार काय मागतो, तांब्याच्या गोळीला वेग का लागतो, परदेशी शिकारीला जाणारा माणूस काय बघतो. दुसऱ्या पानावर तू येतोस आणि एकेक करून सगळं पाडतोस. हरीण घातलं आहे. डहाळी घातलेली नाही, ती तुझ्यापाशी राहू दे.

एकच अडचण आली. संस्कृतात पूर्वपक्ष 'ननु' म्हणून सुरू होतो. दोन अक्षरं, पण ती दिसली की वाचणारा ओळखतो की पुढचं बोलणं दुसऱ्याचं आहे. जर्मनमध्ये ननु कुठून आणू? पण मजकूर इतका सरळ आहे की चालून जाईल.

अक्षरही बदलू नकोस.

शोभनाताई


रेगेन्सबर्ग, २१ फेब्रुवारी

ती. ताई,

तुझा पूर्वपक्ष मंजूर झाला.

काल बैठकीत मी दोन मिनिटं उशिरा पोचलो. शेफनं उठून हात मिळवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा उठला. "हेर घैसास, मला वाटलं होतं तुम्ही अडून बसाल. मोठं मन लागतं याला." मला काही कळेना. मग त्याच्या हातात पाहिलं. पहिलं पान.

दुसरं पान त्यानं वाचलेलं नाही. इथे कुणीच दुसरं पान वाचत नाही, ताई. इथे निष्कर्ष वर लिहितात आणि खाली कारणं, ज्याला हवी त्यानं बघावी. मी वीस वर्षं इथे नोकरी करतो, मला हे माहीत आहे, आणि तरी तू म्हणालीस म्हणून अक्षर बदललं नाही.

मी म्हटलं, हे माझं मत नाही, हे तुमचं मत आहे. तो म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, आपलं एकमत आहे." फ्राऊ लेखनर म्हणाल्या, इतकं नितळ जर्मन या कंपनीत आजवर कुणी लिहिलेलं नाही. आणि ते पान त्यांनी माहितीपत्रकात घेतलंय. जसंच्या तसं. तुझा दुसरा परिच्छेद मुखपृष्ठावर येतोय.

मी दुसरं पान वाचून दाखवायला लागलो. शेफनं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "आता मागे फिरू नका, पास्ट शोन." ठीक आहे, जमलं, असं म्हणून बव्हेरियन माणूस विषय बंद करतो.

खोकी छापायला गेली. दारू वाढवायची चाचणी एप्रिलच्या मध्यात. सही माझी. आता काय करू ते सांगू नकोस.

प्रसन्न


वाल्डॉर्फ, २५ फेब्रुवारी

चि. प्रसन्न,

काय करायचं ते सांगत नाही. काय केलं ते सांगते.

पहिल्या पानाच्या सुरुवातीला मी एक वाक्य घातलं होतं: 'यावर कुणी असा आक्षेप घेईल.' तो माझा ननु होता. तुला पाठवायच्या आदल्या दिवशी मी तो काढला. वाक्य जड वाटत होतं, त्याच्याशिवाय परिच्छेद जास्त चांगला वाहत होता. म्हणजे जर्मनमध्ये ननु नाही असं मी तुला लिहिलं ते अर्धसत्य. होता. शैलीसाठी काढला.

मला माझं पहिलं पान आवडलं होतं, प्रसन्न. दुसऱ्यापेक्षा जास्त. दुसऱ्याची बाजू मांडताना मी नेहमीच जरा वाहवते.

रागवायचं तेवढं रागव.

शोभनाताई


वाल्डॉर्फ, १६ मार्च

चि. प्रसन्न,

तीन आठवडे उत्तर नाही. नीलिमाला फोन केला तर म्हणाली, "अहो ताई, ते पेटीतून तुमचं पत्र काढतात, वाचतात आणि परत पाकिटात घालून ठेवतात." म्हणजे वाचतोस. तेवढं पुरे.

काल आमच्याकडे शशिकांतच्या हाताखालचा एक जर्मन मुलगा जेवायला आला होता. मुलगा म्हणजे पस्तिशीचा. टेबलावर दोन वाडगी, एक साधं वरण, एक कोल्हापुरी रस्सा. मी सांगितलं, "हे जपून, फार तिखट आहे," आणि घाईत बोट दाखवलं वरणाकडे. बिचाऱ्यानं दोन चमचे खाल्ले. कपाळावर घाम. तिसरा घेतला तर डोळ्यांत पाणी. रुमाल काढला. त्या वरणात हिंग, हळद आणि मीठ याखेरीज काही नव्हतं. मी चूक सांगायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले, कारण मला तू आठवलास.

शब्द आणि अर्थ चिकटलेले असतात, हे आम्हाला वर्गात शिकवलं. पण शब्द जिभेला असा पोळतो हे मी पहिल्यांदा बघितलं.

दारू अजून वाढवलेली नाही असं तू लिहिलं होतंस. खोकी तर छापून आली असतील. मग तुझी तीच काडतुसं, एकाच घाण्यातली, अर्धी साध्या खोक्यात भर आणि अर्धी मॅग्नमच्या. दोन प्रकार तपासून द्या म्हणून शिकाऱ्यांच्या हातात दे. त्यांचा खांदा खोकं वाचतो की काडतूस, ते बघ.

काय करायचं ते सांगू नकोस म्हणाला होतास. हे मी वरणाबद्दल लिहिलं आहे.

शोभनाताई


रेगेन्सबर्ग, ७ एप्रिल

ती. ताई,

केलं.

काही तयार खोकी फ्राऊ लेखनरकडून मागून घेतली. पण त्यांच्यावर मॅग्नम बारीक अक्षरात होतं, म्हणून मी वेगळी चिठ्ठी छापून वर डकवली, दुरून दिसेल अशी. गेल्याच्या गेल्या शनिवारी इथल्या नेमबाजी मंडळाच्या जागेत तेरा शिकारी बोलावले, आले चौदा. शंभर मीटर, प्रत्येकाला दोन खोकी, प्रत्येकातून पाच गोळ्या. निम्म्यांना आधी साधं, निम्म्यांना आधी मॅग्नम, म्हणजे दमल्यामुळे फरक पडला असं म्हणायला नको. रायफल एकच. सगळ्यांना सांगितलं, दोन वेगळी काडतुसं आहेत, मत द्या. खोटं बोललो. माझ्या आयुष्यातलं सर्वांत नीट आखलेलं खोटं.

चौदापैकी अकरा जणांचा घेर, म्हणजे पाच भोकांचा पसारा, मॅग्नमच्या खोक्यानं वाढला. चौघांचा दुपटीच्या वर. एकानं तर मत लिहून दिलं: 'धक्का लक्षणीय, पण ताकद जाणवते.' तेच काडतूस. दोघांचा घेर होता तेवढाच राहिला. एकटी फ्राऊ आशेनब्रेनर मॅग्नमनं जास्त चांगली. मी चक्रावलो. मग कळलं, ती वाचायचा चष्मा गाडीत विसरली होती. तिनं खोकं वाचलंच नव्हतं.

आणि चौदावा माणूस शेफ. मी बोलावला नव्हता, बातमी लागली म्हणून आला. साध्या खोक्यातून पाच गोळ्या चार सेंटिमीटरच्या आत. तो खरंच चांगला नेमबाज आहे. मॅग्नमच्या खोक्यातून अकरा सेंटिमीटर. उठला, खांदा चोळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हो, हिच्यात दम आहे, हे जाणवतं."

मी एक पान तयार ठेवलं होतं. एकच. वर निष्कर्ष, ठळक: 'दोन्ही खोक्यांत एकच काडतूस आहे.' खाली आकडे. तुला दाखवलं नाही, माफ कर. जर्मन वाईट असेल, पण पहिलं वाक्य चुकीचं समजायला जागा नव्हती.

त्यानं वाचलं. खोक्यातलं एक काडतूस काढलं, दुसऱ्यातलं एक, शेजारी शेजारी धरली, बुडाचे आकडे वाचले. मग पान घडी करून खिशात घातलं. "खोकी अदलाबदल झाली असतील," म्हणाला, आणि गाडीत बसून गेला.

त्याला आता नऊ दिवस झाले. रोज सकाळी मला 'ग्रुस गॉट' म्हणतो, पुढे काही नाही. फ्राऊ लेखनर माझ्याशी बोलत नाहीत. दारू वाढवायची चाचणी सोळा तारखेला आहे, ती कुणी रद्दही केलेली नाही. मी सांगून ठेवलंय, वाढवलेल्या दारूवर माझी सही मिळणार नाही. त्यावरही 'ग्रुस गॉट'. भिंतीवर डोकं आपटावं तर भिंत निदान आवाज करते.

प्रसन्न


वाल्डॉर्फ, १२ एप्रिल

चि. प्रसन्न,

पान बघितलं नाही तरी पहिल्या वाक्यावरून सांगते, माझ्याहून चांगलं लिहिलंस. त्यात शैली नाही. हे मी चांगल्या अर्थानं म्हणते आहे आणि मला ते म्हणायला त्रास होतो आहे.

शेफला वेळ दे. माणसाला स्वतःचा खांदा खोटा बोलला हे पचायला वेळ लागतो, आणि तेही चौदा जणांसमोर.

इथे शतावरीचे भारे रस्त्याच्या कडेला विकायला आले आहेत. शशिकांत म्हणतात प्रसन्नला बोलवा, तो मांस सोडून काही खाईल. मी म्हटलं तो गोळी बनवतो, खात नाही. बावीस वर्षांनी तेवढा फरक त्यांच्या लक्षात आला आहे.

एक विचारायचं राहिलं. तुझ्या चौदा जणांत तू कुठे होतास? रायफल तर तुलाही चालवता येते. परवाना आहे, दर महिन्याला जातोस. तू स्वतः दोन्ही खोक्यांतून मारून पाहिलंस का? सहज विचारते. तुला तर आत काय आहे ते माहीत आहे.

शोभनाताई


रेगेन्सबर्ग, ४ मे

ती. ताई,

सोळा तारखेची चाचणी झाली नाही. आदल्या संध्याकाळी शेफ माझ्या खोलीत आला, उभाच राहिला आणि म्हणाला, "माझ्या वडिलांची रायफल आहे, साधी. त्यात बसेल ना ही?" बसेल म्हटलं. "मग दारू राहू दे आहे तेवढी." आल्झो, म्हणजे थोडक्यात, सहा वर्षं, दोन पानं, चौदा शिकारी, आणि ते एवढ्या एका वाक्यात मिटलं. माझं पान त्याच्या कोटाच्या खिशातच होतं, वरून दिसत होतं.

मॅग्नम गेलं. छापलेली खोकी रद्दीत गेली, तुझा परिच्छेदही. फ्राऊ लेखनर म्हणाल्या, मग निदान काहीतरी नाव द्या, नुसत्या आकड्यांना कोण विचारणार. मी म्हटलं 'सौम्य' म्हणा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो शब्द परत घेतला. शेवटी इथल्या रिवाजाप्रमाणे आकड्यापुढे माणसाचं नाव लागलं. सात बाय त्रेपन्न ब्रुनहुबर. तीस तारखेला नोंदणीला गेलं. खाली बनवणारा म्हणून सही माझी आहे. ती कुणी वाचत नाही. घैसास हे नाव इथे कुणाला म्हणताही येत नाही, तेव्हा ते एक ठीकच.

मिळायचं ते मिळालं. तरी मी चिडलेलाच आहे, असं नीलिमा म्हणते. तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायचं तीन आठवडे टाळलं, त्याचा तो परिणाम असावा.

मारून पाहिलं नव्हतं. गरज वाटली नव्हती. तुझं पत्र आलं आणि मला हसूच आलं. परवा एक मेची सुट्टी होती, नेमबाजीच्या जागी कुणी नव्हतं. दोन खोकी उरली होती, एक साधं, एक मॅग्नमचं. दोन्ही एकाच घाण्यातली. मी स्वतः भरलेली, दारू स्वतः तोललेली.

साध्या खोक्यातून पाच. साडेतीन सेंटिमीटर. इतकं चांगलं मी कधीच मारत नाही.

मग दुसरं खोकं उघडलं. पहिलं काडतूस आत सरकवलं, श्वास सोडला, बोट चापावर ठेवलं. आणि खांदा मागे गेला, ताई. बोटाच्या आधी. मी थांबलो, रायफल खाली ठेवली, हात झटकले, पुन्हा उचलली. पुन्हा तेच. मनात म्हटलं, आत काय आहे ते तुला माहीत आहे, गाढवा. पाचही मारल्या. चारांचा घेर नऊ सेंटिमीटर, आणि एक कागदाच्या बाहेर.

ती चिठ्ठी मीच छापली होती. खोक्यावर डकवलीही मीच.

प्रसन्न